घराचा ठिपका

वस्तीच्या पुनर्विकासाची सभा होती. पालिकेच्या वतीनं आलेल्या सुशांतनं भिंतीवर नकाशा लावला आणि बायकांना रंगीत ठिपके वाटले.

"अक्का, हिरवा झाडाचा, पिवळा बाकाचा. हवा तिथं चिकटवा. आराखडा तुमचाच आहे."

अंबूबाईनं नकाशावर बोट फिरवलं. देवळामागं तिची गल्लीच नव्हती, तिथं बाग होती.

"आणि घराचा ठिपका?"

"घरांचे नाही आणले."

"मग आम्ही बाकावर झोपायचं काय?"

सुशांतनं हसत तिच्यापुढं एक पिवळा ठिपका धरला.

"सरी, ठीक आहे," म्हणत तिनं कपाळावरची टिकली काढली आणि बागेत, आपल्या घराच्या जागी, दाबून चिकटवली. "ये गं कावेरी. तुझं घर माझ्या शेजारी."

सभा संपली तेव्हा त्या बागेत एक हिरवा ठिपका लावायलाही जागा उरली नव्हती.