तिसऱ्यांदा बदललेलं अंतर

आमच्या ताऱ्याचं अंतर तिसऱ्यांदा बदलायची वेळ आली, तेव्हा वेधशाळेत सगळे माझी नजर चुकवायला लागले. मोजणी माझी होती. त्यात बाबांचा घोर. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात, आणि हल्ली फोन उचलला तरी "नंतर करतो" म्हणून ठेवून द्यायचे. परवा व्हिडिओवर बघते तर भर दुपारी घरात इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. कुठे निघालात विचारलं, तर म्हणे कुठेच नाही. विसरायला लागलेत की आजार लपवतायत, काही कळेना. खुर्चीत बूड टिकत नव्हतं. उठसूट जिन्यात जाऊन मी त्यांना फोन लावत होते.

आज एकदाचा ताऱ्याचा घोळ सापडला, आणि मी आधी बाबांनाच कळवलं. जन्मभर जमिनी मोजलेला माणूस, माझा आकडा चुकला की झोप त्यांची उडते.

"बाबा, मोजणी बरोबर होती. तो तारा एकटा आहे असं आम्ही धरून चाललो, तिथेच फसलो. त्याच्या जवळ आणखी कुणीतरी आहे. आपल्याला दिसत नाही, पण त्या ओढीने हा सारखा जागचा हलतो."

पलीकडे बाबांनी आवाज खाली आणला.

"ताऱ्याच्या आडून कशाला बोलतेस? मीच सांगणार होतो तुला. त्या इथेच बसल्यात, देऊ का फोन?"