नरोटी

मालेगावपलीकडच्या उघड्याबोडक्या दरीचा अठरा किलोमीटरचा फेरा संपवून मी आणि वाटाड्या गोमतीबाई जिथून निघालो त्याच बाभळीखाली पोचलो, तेव्हा माझ्या टाचा सोलल्या होत्या. बूट काढून मी गोमतीबाईंना पिशवीतली नारळाची नरोटी हौसेनं दाखवली. दुपारी पाणी संपल्यावर त्यांनी कोरड्या नाल्याच्या वाळूत झिरा उकरला होता आणि दगडाखालून हीच नरोटी काढून मला पाजलं होतं. “आठवण म्हणून आणली,” मी म्हणाले. त्या रागावल्या नाहीत. नरोटी घेऊन दरीकडे वळल्या. “आता कुठं निघालात?” “ठेवून येतो वं. झिऱ्यात बोटभर पानी रायते, हात घातला का गढूळ होते. मांगून येनाऱ्यानं कायनं प्यावं?” “नरोटी तुमचीच ना?” “मले बी तिथीच भेटली.” शेलूबाजारच्या शेवटच्या जीपनं हॉर्न दिला. मी जीपवाल्याला हातानंच ‘जा’ म्हटलं आणि सोललेल्या टाचांवर बूट पुन्हा चढवले.