ओव्यांना कुलूप

“पैसे भरा, नाहीतर फायली विसरा!” संगणकाचा पडदा दटावत होता. आईने गावोगाव फिरून रेकॉर्ड केलेल्या सगळ्या ओव्या व्हायरसने कुलूपबंद केल्या होत्या.

“बाबा, व्हायरस ज्यातून आला ते फुकटचं पंचांग तूच डाउनलोड केलंस ना?” रेवाने विचारलं.

“मी? छे!” बाबांनी नजर चुकवली.

ओव्यांची नक्कल असलेली, एरवी कायम संगणकाला जोडलेली असणारी डिस्कही जागेवर नव्हती. रेवाचा संशय बळावला. “आणि डिस्क?”

“दसऱ्याला पूजेत मांडली होती गं. परत जोडायची राहिली.”

रेवा देवघराकडे धावली. वाळक्या झेंडूखाली डिस्क होती. जोडलेली नव्हती म्हणूनच वाचली! कुंकू पुसून तिने ती शेजारच्या काकूंच्या लॅपटॉपला लावली. जात्यावरची ओवी घुमली. आईने डोळे टिपले.

“बघ, माझा विसरभोळेपणाच कामी आला!” बाबा फुशारले.

“आणि पंचांग?”

बाबा चपला शोधू लागले.