पाणी तयार होईपर्यंत

"अजून हिरवंच," सासरे बाल्कनीतून ओरडले, आणि स्वयंपाकघरात सुनेने सुटकेचा निःश्वास टाकला.

दिवाणखान्यात भिंतभर टाकी उभी होती. ती आत आणायला दाराची चौकट काढावी लागली होती. खाली पंप गुरगुरत होते. आत मीठ कालवून केलेलं समुद्रासारखं खारं पाणी, पांढरी वाळू आणि भोकाभोकांचे खडक. नव्हते ते फक्त मासे.

"एवढा खटाटोप करून दगड पाळलेत होय?" शेजारीण म्हणाली होती. तिचं तरी काय चुकलं?

पण घरात समुद्र करायचा म्हणजे धीर लागतो. मासेवाल्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. नव्या टाकीत माशांना विषारी असा अमोनिया तयार होतो. खडकांवरचे जंतू वाढले की तेच तो खाऊन टाकतात. तोवर रोज काचेच्या नळीत थोडं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. हिरवा असेल तर थांबा, चक्क पिवळा झाला की मासे सोडा. "आणि आत काही सडू देऊ नका, नाहीतर हिरवं हटायचं नाही."

अडचण एकच होती. टाकी ज्याच्या डोक्यातून निघाली त्या नवऱ्यालाच हिरव्या-पिवळ्यातला फरक कळत नव्हता. स्वतःच्या लग्नात हिरवा समजून तपकिरी कोट घालून उभा राहिलेला माणूस तो! सून बिचारी पोपटीपाशी अडायची. शेवटी नवऱ्याने वडिलांना फोन लावला.

सासऱ्यांनी सगळी नोकरी कापड रंगवण्याच्या कारखान्यात रंग जुळवण्यात काढली होती. नुसत्या पांढऱ्याच्या दहा-बारा जाती ते बोटांवर मोजून दाखवत. सासूबाई गेल्यापासून ते दुसऱ्या गावी एकटेच राहत होते. इकडे या म्हणून सांगून दोघं थकली. "दुरून डोंगर साजरे," हे उत्तर ठरलेलं. मागे न्हाणीघरात घसरून पडले, तेही महिन्याने कळलं. "त्यात काय सांगायचं?" म्हणे! तेव्हापासून अवेळी फोन वाजला की सून हातातलं टाकून धावायची.

रंग म्हटल्यावर मात्र ते एक पिशवी घेऊन आले. दारातच म्हणाले, "पाणी पिवळं झालं की मासे सोडायचे आणि मी निघायचं. आधीच सांगून ठेवतोय."

दुसऱ्याच दिवशी सुनेने एक कोळंबी जुन्या मोज्यात बांधली आणि सगळ्यात मोठ्या खडकामागे दडवली. सडून संपली की नवी.

रोज सकाळी सासरे नळी घेऊन बाल्कनीत जात. हे काम उन्हातच करायचं, आणि एकट्याने. "मागे कुणी उभं राहिलं की सावली पडते." रंग पाहिला की नळी लगेच विसळायची, नाहीतर डाग धरते. कारखान्याची शिस्त! कोण कशाला मध्ये पडतंय?

घर मजेत होतं. खडकाच्या भोकातून एक नखाएवढा खेकडा निघाला. सासऱ्यांनी त्याचं नाव घरमालक ठेवलं. नात त्यांच्या मांडीवर बसून तासन् तास घरमालकाची वाट बघे. सासऱ्यांच्या गालांवर मांस आलं, पट्टा एक भोक सैल करावा लागला. तरी जेवताना ठरलेलं गाऱ्हाणं असायचंच. "माझ्या कुंड्या वाळून गेल्या असतील."

"आजोबा, आज तरी मासे?" नात विचारायची.

"काय करू गं बाळा, पाणी ऐकत नाही."

हे ऐकलं की सून मान खाली घालून पोळी लाटत राही.

एका संध्याकाळी सासरे खिडकीशी उभे होते. "कितीही झालं तरी माणसाला आपलं घर ते आपलं घर, सूनबाई," ते म्हणाले. तिला रडूच फुटलं. नवरा घरी आल्याबरोबर तिने त्याला बेडरूममध्ये ओढलं आणि कोळंबीचं सगळं सांगून टाकलं.

तो आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, "काढ ती. कोंडून ठेवून कुणी आपलं होतं का?"

तिने मोजा काढून फेकून दिला. वाळू खरवडली, थोडं पाणी बदललं. सासऱ्यांची पिशवी धुऊन, वाळवून, घडी करून ठेवली. प्रवासात द्यायला चिवड्याचा डबासुद्धा भरला. मन घट्ट केलं आणि पिवळ्याची वाट बघत बसली.

दुसऱ्या दिवशी हिरवं. तिसऱ्या दिवशी हिरवं. पुढच्या आठवड्यातही हिरवंच. आता ती घाबरली. आपण टाकीची कायमची वाट तर लावली नाही ना? मासेवाला फोनवर चक्रावला. "असं कसं? एव्हाना व्हायलाच हवं होतं हो!"

"बाबा, तुमचा फार खोळंबा झाला," ती एकदा न राहवून म्हणाली.

"असू दे," सासरे म्हणाले. "अर्धवट काम टाकून जाणाऱ्यातला मी नाही."

एका सकाळी ती चहा घेऊन बाल्कनीच्या दाराशी आली. सासरे पाठमोरे होते. त्यांचं काम बिघडू नये म्हणून ती सावली चुकवून बाजूला उभी राहिली. त्यांनी नळी उन्हात धरली होती. आतलं पाणी लिंबासारखं पिवळं होतं, नवऱ्यालाही ओळखू आलं असतं इतकं पिवळं. सासऱ्यांनी ते डोळे भरून पाहिलं, बाल्कनीतल्या बेसिनमध्ये ओतलं, नळी स्वच्छ विसळली आणि मान न वळवता आत हाक दिली, "सूनबाई, अजून हिरवंच आहे गं!"