पाण्याची नळी
रानातल्या चाळीस डासांपैकी निम्म्यांत तरी डेंग्यूचा ताप पसरण्यापासून रोखणारा जिवाणू सापडला, तरच प्रकल्प आणि मला प्रयोगशाळेत काम शिकवणाऱ्या ताईंची नोकरी टिकणार होती. जिवाणू असला की डीएनए चाचणीच्या पडद्यावर त्या डासाची रेघ वर चढते; चाळीसच्या चाळीस रेघा चढल्या. मी टाळ्याच पिटल्या. ताई मात्र शेवटच्या नळीची रेघ बघत होत्या. भेसळ कळावी म्हणून त्या नळीत नुसतं पाणी होतं, तरी रेघ किंचित चढलेली. "एवढंसं तर आहे, सोडून द्या," प्रकल्पाचे प्रमुख सर म्हणाले. "मग पाण्यालाही संसर्ग झाला म्हणायचं का, सर?" ताईंनी सगळ्या नळ्या कचऱ्यात टाकल्या आणि फ्रीजमधून डबी काढली. प्रत्येक डासाचा अर्धा भाग त्यांनी राखून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्या अर्ध्या भागांच्या चाचणीत पाण्याची रेघ सपाट राहिली. डासांच्या अकराच चढल्या. ताईंनी वहीत ठळक 'अकरा' लिहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं. "पाण्याची नळी विसरू नकोस हं."