झऱ्याला वळसा

समुद्राने किनाऱ्यावरची रेल्वे गिळल्यापासून नवी वाट सह्याद्रीच्या पोटातून निघाली होती. बोगदा कोरत होते दगड खाणारे जिवाणू. वर धनगरवाड्यात, बोगद्याने पाणी तुटेल या धास्तीने, बायजा झोरे एकुलत्या एका झऱ्यापाशी ठाण मांडून बसली होती.

"मावशी, पाण्याची चाहूल लागली की ते वळतात," इंजिनीअर रेगे म्हणाले.

"मानसं कदी वळली न्हाईत, तुमचं किडं काय वळत्यात?"

दुपारी झऱ्याची धार तुटली. रेग्यांचा चेहरा उतरला. बायजाने ओल्या कातळावर तळवा टेकला. आत रवंथ करणाऱ्या म्हशीगत काहीतरी घुमत होतं. ते थबकलं, मग हळूहळू डावीकडे सरकत गेलं.

पाणी परत आलं, धारोष्ण दुधासारखं कोमट. बायजाने ओंजळ भरली. ती प्यावी की पुजावी, तिला कळेना.