‘रातपाळी’वरचे शेरे

“आज एकोणीस शेरे आले,” अश्वजित मोबाइलवर बोट फिरवत म्हणाला. “त्यातले बारा तर शिव्याच आहेत.”

“वाच ना दादा.” तृप्ती ओसरीवर सुपात नव्या धानाचा तांदूळ निवडत होती. रस्त्यापलीकडे मळणी चालली होती. उन्हात भुसा उडत होता आणि लाखांदूरची ती दुपार पिवळी होऊन बसली होती.

“‘भूत बरं आहे, डॉक्टरच भित्रा आहे.’ एक तारा. ‘सुई टोचताना माझाच हात कापला.’ चार तारे. अन् हे पाह्य, रोजचंच. ‘बेड नंबर सातची म्हातारी काही केल्या वाचत नाही. गेममध्ये बिघाड आहे.’ किती लोकं बोंबलून राहिले, दुरुस्त करून टाक ना ते.”

“राहू दे.”

‘रातपाळी’ हा गेम तृप्तीनं एकटीनं बनवला होता. खेळणारा त्यात डॉक्टर होतो. दुमजली दवाखाना, रात्र, आणि तो एकटा. खाटांवर काही माणसं असतात, काही भुतं. ज्याची घंटी वाजेल त्याच्याकडे धावायचं. सात नंबरची घंटी वाजते, डॉक्टर जिना चढून धावतो, आणि दर वेळी उशीर झालेला असतो.

अश्वजितनं मोबाइल खाली ठेवला. “ती म्हातारी आईच आहे ना?”

तृप्तीचं बोट तांदळात थांबलं. “हो.”

भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी आईचा, पंचफुलाबाईंचा फोटो होता. चार वर्षांपूर्वी, त्या गेल्या तेव्हा, अश्वजित पुण्याला होता. तृप्ती दवाखान्यात होती, पण खाली, जिन्याच्या पायरीवर. रात्री नातेवाइकांना वर जाऊ देत नसत. पहाटे कोणीतरी खाली येऊन सांगितलं. कागदावर लिहून दिलं, की पेशंटनं घंटी वाजवली, डॉक्टर तत्काळ हजर झाले, उपाय चालला नाही.

“मी समजतो गं,” तो हळू आवाजात म्हणाला. “पण किती दिवस तिले रोज मरू देशीन? सोमवारी नागपूरले रुजू व्हायचं आहे तुले. त्याच्या आधी हे बंद करायचं, असं ठरलं होतं आपलं.”

“मले एक शेरा पाहिजे. तो आला का मीच बंद करीन. नाही आला तरी रविवारी बंद.”

“कोणता शेरा? पाच ताऱ्यांचा?”

“खडा बोटाले लागला का समजते,” ती म्हणाली आणि सूप पाखडू लागली.

गेमचा सगळ्यात चिडका खेळाडू होता ‘जुना वार्डबॉय’. असल्याच एका दवाखान्यात अकरा वर्षं काढली, असं त्यानं पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. मग चुका काढायला सुरुवात केली. ‘वरचे पडदे हिरवे नसतात, निळे असतात.’ आठ दिवसांनी, ‘सिलिंडरची किल्ली डॉक्टरच्या खिशात नसते. कॅलेंडरमागच्या खिळ्याला असते.’ मग, ‘सलाईनच्या स्टँडला चार चाकं कोणी पाहिली? एक तर नसतंच.’

तृप्ती त्याला गोड उत्तर द्यायची. ‘काका, तुमची गफलत होते आहे. पडदे हिरवेच असतात.’ काका आणखी तापायचे. ती वही उघडून बारीकशी खूण करायची. गेममध्ये मात्र काही बदलायची नाही.

“माणूस फुकटात शिकवून राहिला अन् तू त्याच्याशी भांडून राहिली,” अश्वजित म्हणाला. “काहून?”

“भांडते कुठं? सगळ्यात जास्त चुका काढणाऱ्याले टोपी ठेवली आहे बक्षीस. त्यानं नाव-पत्ताही पाठवला. धनीराम, करडीचा.”

“टोपीसाठी पत्ता देते म्हणजे भोळाच दिसते बिचारा.”

दुपार कलली. मळणीचा आवाज थांबला. मोबाइल किणकिणला.

“घे, आला तुझा वार्डबॉय.” अश्वजित हसत वाचू लागला. “‘शेवटचं सांगतो. सात नंबरची घंटी वाजते हेच साफ खोटं. ती म्हातारी सारखं बटण दाबायची. झोपमोड होते म्हणून आम्हीच वायर काढून खिडकीच्या गजाला गुंडाळली होती. अन् डॉक्टर कुठं धावतो? साहेब जेवायला घरी गेले ते सकाळीच उगवले. सही तेव्हा केली.’”

वाचता वाचता त्याचं हसू विझलं. त्यानं एकदा भिंतीकडे पाहिलं.

तृप्तीनं सूप खाली ठेवलं. हात पदराला पुसले, आत गेली आणि कपाटातून एक पिवळा पडलेला तक्रार अर्ज घेऊन आली. घडी जिथं पडली होती तिथं कागद विरला होता. सगळा मजकूर भरलेला होता. खाली ‘साक्षीदार’ या शब्दापुढची जागा तेवढी कोरी होती.

“दादा, वहीत धनीरामचा पत्ता आहे. वाच.”

त्यानं वही घेतली. पहिलंच पान उघडलं गेलं. वर चार वर्षांपूर्वीची तारीख होती, आईसाठी झालेल्या पुण्यानुमोदन विधीच्या दुसऱ्या दिवसाची. खाली तृप्तीच्या अक्षरात ओळी होत्या.

‘भरती केलं तेव्हा पाहिलेलं. पडदे निळे. किल्ली कॅलेंडरमागं. स्टँडचं एक चाक नाही.’

तिन्हींपुढे बारीक खुणा होत्या. त्याखाली एकच ओळ होती.

‘गेममध्ये हे तिन्ही चुकीचं दाखवायचं, जो तिथं होता त्याले राहवणार नाही.’